सारवलेली खोली

माझी सासू म्हंजी माझी सख्खी आत्या. पोरीचा आजार जन्मापासूनचा हाय, दोन्ही घरच्या रक्तातून आला, असं नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तवा मी भेलेच, आता आत्या मला बोलंल. पण आत्या म्हणली, "तुला काहून बोलू? तुझा बाप माझाच भाऊ हाय की." अन् रडता रडता हसली.

पोरगी तीन वर्षांची. मानेला गाठी यायच्या, फुटायच्या, जखम भरायचीच न्हाई. बाई म्हणल्या, हिच्या रक्तातल्या पेशी जंतू गिळतात पण मारीत न्हाईत, मग अंग आणखी पेशी धाडतं, सूज वाढतच ऱ्हाती. जंतू थोडा अन् आग मोठी. माझी शाळा सातवीपर्यंत, पण एवढं बराबर कळलं.

नांदेडच्या दवाखान्यात औषधानं गाठी बसल्या, सुट्टी मिळणार होती. पोरीजवळ तिच्या बापाला बसवून मी एक दिवस आधी वसमतच्या बसनं घरी आले. लेकरू दवाखान्यातून येणार, मग घर कसं पाहिजे? गोठ्यामागचं साठलेलं शेण आणलं, त्यात माती कालवली, सगळी खोली कोपऱ्यापासून सारवून काढली अन् तिचं अंथरूण तिथंच टाकलं.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी तिला दम लागला. ताप, बरगड्या आत ओढून राहिल्या, पाण्याचा घोट घ्यायला श्वास पुरंना. जीपमधी मी तिचे श्वास मोजीत होते, चुकत होते, परत एकपासून.

"घरी खत, कुजका पाला, भुसा, कशात खेळली का?" बाईंनी विचारलं.

"न्हाई बाई, उलट मी खोली चांगली सारवून घेतली."

बाईंनी पेन खाली ठेवला. "शेणानं?"

"व्हय."

मला वाटलं आता रागवतील. त्या माझ्या बाजूला स्टुलावर बसल्या. "शेणातली बुरशी श्वासातून आत गेली ताई. थोडीच गेली असेल, पण हिचं अंग थोड्यावर थांबत नाही, छातीत सगळं सुजलंय. चूक तुमची नाही. मीच आधी विचारायला हवं होतं." एवढी शिकलेली बाई असं म्हणली, ते मी मरेपर्यंत विसरणार न्हाई. बुरशीचं औषध दिलं, सूज उतरायचं येगळं दिलं. औषधाच्या सहाव्या दिवशी पोरीनं बिस्कीट मागितलं.

आत्याला फोनवर सांगायला माझी जीभ उचलंना. सारवण म्हंजी तिचा जीव. सांगितलं तशी ती म्हणली, "शेणाबिगर घर म्हंजी काय दवाखाना हाय का?" अन् फोन ठेवला.

आमी घरी आलो तर खोली उकरून शहाबादी फरशी बसवलेली. शेणाचा ढीग पार शेताच्या बांधाला नेलेला. आत्या ओल्या फडक्यानं फरशी पुसून राहिली होती. "लई गार लागती बाई ही, माझे गुडघे गेले," तिनं वर न बघताच सांगितलं. मी तिच्या पायावर डोकं ठेवलं. "ऊठ, पुसलेल्यावर बसू नको."

या दिवाळीला तिनं फरशीवरच रांगोळी काढली. "उठून दिसतच न्हाई मेली," म्हणत होती, तेवढ्यात पोरगी मधून पळाली, सगळी रांगोळी पायाला. आत्या वरडली, "थांब गं भवाने!" पोरगी हसत दारापर्यंत गेली अन् परत पळत आली, धापा न टाकता. श्वास मोजायचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई.