जाऊबाईंचं बेटावरचं माहेर
आखाजी जवळ आली की मला अजून धरणाच्या गाळाचा वास येतो. सासुरवाशिणींनी माहेरी जायचा हा सण, आणि माझ्या मोठ्या जाऊबाईंचं माहेर म्हणजे धरणाच्या पाण्यातलं एक ओसाड बेट. त्या लहान असताना गाव पाण्याखाली गेलं, उंचावरच्या घरांची जोती तेवढी उरली. तरी दर आखाजीला त्या नाशिकहून ठसक्यात निघायच्या, आणि येवल्याला भावाचं भरलं घर असलेली मी बोलावणं येत नाही म्हणून घरीच. नव्वदच्या दशकातल्या एका आखाजीला त्यांनी मला सोबत नेलं. होडीतून उतरून भेगाळलेला गाळ तुडवत मी सरळ जोत्यावर चढले, तर म्हणाल्या, "अगं, भिंतीतून काय येतेस? दारातून ये." मी वळसा घालून आले. चुलीच्या जागी खड्यांमध्ये टिटवीची अंडी होती आणि टिटवी आमच्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती. "हळू चाल, घरात बाळंतीण आहे," त्या हसून म्हणाल्या. माझा नुसता जळफळाट झाला. मग त्यांनी पिशवीतून खण, नारळ, तांदूळ काढले आणि माझ्यापुढे पदर पसरला. "आज तू माझी वहिनी. भर ओटी." मी भरली, पण माझ्या वहिनीने माझी शेवटची कधी भरली ते काही आठवेना. आता जाऊबाई नाहीत. येवल्याचं घर आहे, त्याच्या दाराला नवा रंगही दिलाय म्हणे. आखाजीला मी नाशिकलाच असते, आणि मला त्या टिटवीचासुद्धा हेवा वाटतो.