काकीने खाल्लेला उतारा

आधीच सांगतो, करणी-भानामती असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. भोसरीच्या एका कंपनीत मी क्वालिटीला होतो, गेजने मोजून माल पास करायचा हे माझं काम. जे मोजता येत नाही ते माझ्या लेखी नव्हतंच. तरीही हे लिहितोय, कारण यात माझाही हात आहे.

गाव महाळुंगे पडवळ. साल १९९८. घर एकच, पण मधे भिंत घालून दोन केलेलं. एकीकडे आई, आप्पा आणि मी. पलीकडे माझी चुलती, इंदूकाकी. चुलते लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. तिने माझे जेवढे लाड केले तेवढे आईनेही केले नसतील. आई तिची थोरली जाऊ, काकी तिला अक्का म्हणायची. भांडायच्या, पण एकीवाचून दुसरीला चहा गोड लागायचा नाही.

त्या पावसाळ्यात आईच्या जेवणात केस निघायला लागले. भाकरी मोडली की केस, भातात केस... लांब, काळा. आधी आम्ही हसलो. मग तिला घास उतरेना. महिन्याभरात नुसता सापळा राहिला. नारायणगावला नेऊन रक्त, एक्स-रे, सगळं केलं. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, मनाचं आहे. आईला चुलीपुढे बसवेना, तेव्हापासून दोन्ही घरचा स्वयंपाक काकीच करत होती.

आप्पा कुणाच्या तरी सांगण्यावरून देवऋषीकडे गेले. तो एवढंच बोलला, "बाहेरचं न्हाई. रोज ताटात वाढतो त्या हाताचं हाय. जिथनं आलं तिथं परत पाठवा." नाव त्याने घेतलं नाही. नाव आम्ही घेतलं. केस निघायला लागले तेव्हा आई स्वतःच्या हाताने भाकरी करत होती, हे घरात एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी म्हणे क्वालिटीवाला!

उतारा एरवी गावाबाहेर तिवाट्यावर ठेवतात. देवऋषीने सांगितलेला हा उतारा मात्र जिच्यावर संशय तिच्याच उंबऱ्यावर ठेवायचा होता, तोही घरच्या पुरुषाने. आप्पा जागचे उठेनात, म्हणून मी उठलो. म्हटलं, खोटं तर खोटं, आईच्या मनाला बरं वाटेल... आईवरून सात वेळा ओवाळून बाजरीची भाकरी, दहीभात, हळदकुंकू लावलेलं लिंबू आणि आईच्या केसांचा गुंता पत्रावळीत घेतला आणि दिवेलागणीला काकीच्या उंबऱ्यावर ठेवून आलो.

काकी रानातून आली. डोक्यावर गवताचा भारा. उंबऱ्यापाशी थांबली, पत्रावळ बघितली, मग ओट्यावर उभ्या माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. तिला तेवढं पुरलं.

तिने भारा उतरवला, उंबऱ्यावर बसली आणि भाकरी उचलली. उताऱ्याला आमच्याकडे कुत्र्याशिवाय कुणी तोंड लावत नाही. तिने लिंबाचं भाकरीला लागलेलं कुंकू पदराने पुसलं, तुकडा मोडला आणि तोंडात घातला. आप्पा धावले, पण तिने त्यांना हातानेच थांबवलं.

"माझ्याकडनं गेलं आसंल तर माझ्याकडं येऊ द्या," ती म्हणाली. "अक्काला तेवढं जेवू द्या."

सगळी भाकरी खाऊन ती उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने चटणीशी अख्खी भाकरी खाल्ली. केस नाही. दिवाळीपर्यंत तिच्या अंगावर मांस आलं. आणि काकी वाळत गेली. जीपने नारायणगावला मीच नेलं. तेच डॉक्टर, तेच नॉर्मल रिपोर्ट. एकदा तिच्याजवळ बसलो होतो. तिने घास मोडला, दोन बोटांनी काहीतरी ओढून ताटाच्या कडेला ठेवलं आणि गुपचूप जेवत राहिली. मी बघितलं. हातभर लांब काळा केस. काकीचे केस टायफॉइडमध्ये गेलेले, जे उरले ते पांढरे आणि आखूड. मी तो कागदात घडी घालून खिशात ठेवला, कंपनीत भिंगाखाली बघू म्हणून. तिथे उघडला तर घडी तशीच, आत काही नाही.

आई शेवटपर्यंत तिला स्वतःच्या हाताने भरवत होती. माफी मागायला मात्र आमच्यापैकी कुणाचीच जीभ उचलली नाही. माघात काकी गेली.

आई पुढे नऊ वर्षं जगली. रोज भाकरी मोडायची आणि तुकडा उजेडाकडे धरून बघायची. मला वाटायचं, भीती बसली आहे. एकदा न राहवून म्हटलं, आई, आता नाही निघायचा गं केस.

ती म्हणाली, "निघावा म्हून बघती रं. माझं व्हतं ते, तिनं खाल्लं. एकदा तरी मला परत मिळू दे."

तो तिला कधीच मिळाला नाही. करणी खरी होती का, असली तर कुणाची, आईचा आजार तिच्याकडे कसा गेला... मला आजही सांगता येत नाही. काकीच्या उंबऱ्यावर ती पत्रावळ मी ठेवली, एवढंच मला नक्की माहीत आहे.