मातीतला ठसा

क्लबच्या लाल मातीच्या कोर्टावर आज दोन मुली खेळत होत्या. पंच नव्हता. अशा वेळी आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे ज्याचं त्यानंच सांगायचं असतं. एक चेंडू रेषेपाशी पडला. अलीकडच्या मुलीनं वाकून मातीतला ठसा पाहिला, "आत होता गं," म्हणाली आणि बुटानं तो पुसून टाकला.

तरुणपणी मीही इथेच एक ठसा पुसला होता. समोर माझा मित्र वसंता होता. तो पाहायला नेटपर्यंत येण्याआधीच मी "बाहेर" म्हणून बूट फिरवला. तो सामना जिंकलो म्हणून माझी राज्याच्या संघात निवड झाली. पुढे कितीतरी वर्षं टेनिसवरच जगलो, देशोदेशी खेळलो. वसंतानं क्लबसमोर गटिंगचं, म्हणजे रॅकेटला तारा भरून देण्याचं, दुकान टाकलं. माझ्या प्रत्येक रॅकेटची जाळी त्यानंच ताणून विणली, आणि एकही तार कधी ढिली ठेवली नाही. मुलाखतींत मी त्याचं नाव प्रेमानं घ्यायचो, पण त्या ठशाबद्दल कधी बोललो नाही.

आज तो माझ्या शेजारीच बाकावर होता.

"वसंता, तो चेंडू आत होता रे."

कुठला, हे त्यानं विचारलं नाही. "चांगला चार बोटं आत होता," म्हणाला.

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, पुसून झालं की सांगशील." मुलींवरची नजर न काढता तो हसला. "बराच वेळ पुसत बसलास लेका."