टिंबांचे खिळे

पेस्या ग्लिक्सबर्ग विल्नाहून यरुशलेमला आल्या त्या खडी फोडायला. लेखिका त्या पुढे झाल्या. पोलिश आणि रशियनमधल्या गोष्टी त्यांनी मुलांसाठी हिब्रूत आणल्या, आणि मग स्वतःच्याही लिहिल्या. त्यांची बहुतेक पुस्तकं छापखान्यात एकेका अक्षराचे शिशाचे खिळे लावून मी जुळवली. हिब्रूत मोठ्यांच्या मजकुरात स्वरांची टिंबं नसतात. मुलांना ती लागतातच. अक्षराखाली टिंब बसवायचं म्हणजे दुप्पट मेहनत, आणि घाई केली की ओळ हलते. बाई घाई करू देत नसत.

एकोणीसशे अठ्ठेचाळीसच्या लढाईत यरुशलेमला वेढा पडला, तेव्हा आम्ही खुबेजा नावाची रानभाजी उकडून खात होतो. तरी आमच्या छापखान्यातून मुलांचं साप्ताहिक निघत होतं, एका पानाचं. तळघरांतली मुलं त्याची वाट बघत.

एका सकाळी छापखान्यासमोरच्या पावाच्या रांगेवर तोफगोळा पडला. बाई धावल्या. परतल्या तेव्हा कोपरापर्यंत रक्त होतं. भटारणीचा फुटलेला जबडा त्यांनी धरून ठेवला होता. ती त्यांच्या हातातच गेली. पाणी नव्हतं. रद्दीला हात पुसून त्या म्हणाल्या, "पुढची ओळ वाच."

तेवढ्यात ओवेद आला, आमच्याच बाजूचा लढवय्या. बरोबर दोघे, हातात पोती. गोळ्या ओतायला शिसं हवं होतं. छापखान्याचे मालक अनशेल आडवे आले, तर त्यांच्या बरगडीत बंदुकीचा दस्ता बसला. ते खाली कोसळले. ओवेदने टिंबांच्या खिळ्यांची केस, म्हणजे खणाखणांची पेटी, उचलली.

"ती ठेव," बाई म्हणाल्या.

"टिंबांवाचून काय अडतंय, आजीबाई? मला नाही लागत."

"तू काय आईच्या पोटातून वाचत आलास का रे?"

तो हसला आणि वळला. बाईंनी लाकडी हातोडा त्याच्या मनगटावर हाणला. केस माझ्या हातात पडली. त्याने उलट्या हाताने त्यांच्या तोंडावर मारलं. बाईंनी तुटलेला दात तळहातावर थुंकला आणि त्याच्यापुढे धरला. "हाही ने. ओत गोळीत."

ओवेद मनगट चोळत राहिला.

"मागच्या फळीवर माझ्या पुस्तकांचे ठसे आहेत," त्या म्हणाल्या. "अख्ख्या पानांचे, शिशाचे. ह्या केसपेक्षा कितीतरी जड. ते घे, टिंबं सोड."

जमिनीवरून अनशेल कण्हले, "पेस्या, मग ही पुस्तकं पुन्हा छापायची कशी?"

"वाचणारे तर जगू देत आधी."

ठसे पोत्यात गेले. साप्ताहिक त्या आठवड्यातही निघालं.

ठसे गेलेले, म्हणून वेढा उठल्यावर बाईंची लांडग्याची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून जुळवायला घेतली. जुन्या पुस्तकात शिकारी एक गोळी झाडतो आणि लांडगा मरतो. एवढंच. बाईंनी ते खोडलं. नव्या पानात लांडगा सकाळभर ओरडत राहतो, आणि शिकाऱ्याला तिथून हलता येत नाही.

अनशेल म्हणाले, "मुलं घाबरतील, बाई."

"तळघरात घाबरली नव्हती काय? खोटं छापायला टिंबं वाचवली नाहीत मी." मग माझ्याकडे वळल्या. "तिसरी ओळ हललीय. काढ."

खरंच हलली होती. काढली आणि पुन्हा बसवली.