नायकाच्या अंगठ्याचं पत्र

“हे बघा, अंगठ्याची शिफारस,” म्हणत सरांनी माझं पत्र अकरावीच्या अख्ख्या वर्गासमोर वर धरलं. मग वाचलं. सूर लावून.

“पोरगं हुशार हाय. खोटं बोलत न्हाई. एकदा बोललं होतं, तवा मी त्याला हाणलं. तवापासून बोलत न्हाई.”

वर्ग बाकं बडवून हसला. मीही हसलो. सगळ्यात मोठा आवाज माझाच. असा मी शहाणा.

घोळ मीच घातला होता. पुण्याला गणिताचं उन्हाळी शिबिर होतं. परीक्षा घेऊन राज्यातली मोजकी पोरं निवडणार. अर्जात लिहिलेलं, जवळून ओळखणाऱ्या जबाबदार माणसाचं पत्र जोडा, त्यावर कॉलेजचा शिक्का घ्या. सर मला वर्षभर ‘ए तांडा’ म्हणायचे. नाव त्यांना ठाऊक नव्हतं. मला जवळून ओळखणारा माणूस म्हणजे आमच्या सेनगावकडच्या बंजारा तांड्याचा नायक, तांड्याचा प्रमुख. सोयरीक असो, बैलाचा सौदा असो, त्याचा शब्द पडला की विषय संपला. त्यानं आमच्या बोलीत सांगितलं, मी मराठीत उतरवलं, त्यानं अंगठा उठवला. मला वाटलं, अंगठा बघून पुण्याचे प्रोफेसर ताडकन उभेच राहतील.

“पुण्याला जाऊन काय दिवे लावणार? तुमच्या लोकांचा हात कोयत्यालाच बरा,” सर म्हणाले. मग त्यांनीच दुसरा अर्ज काढला. कळमनुरीचं मोटार वायंडिंगचं शिबिर, त्याच तारखांना. नाव विचारलं, पहिल्यांदाच. मी सही केली. वर ‘थँक्यू सर’ म्हणालो.

वायंडिंग हलकं काम नाही. माझा मामा तेच करतो, जळालेल्या पंपांच्या तारा पुन्हा गुंडाळतो. पण उन्हाळा माझा होता, आणि निवड केली सरांनी.

संध्याकाळी नायक अंगणात वाटच बघून राहिला होता.

“वाचलं का माझं पत्र?”

“वाचलं. सगळ्या वर्गासमोर.”

म्हातारा फुलला. “मंग? काय म्हनले?”

“बराबर हाय म्हनले.”

बोललो आणि गार पडलो. सरांनी पत्राची नुसती टिंगल केली होती. पत्र खोटं पाडलं मी. तिथंच उभ्या उभ्या सगळं खरं सांगून टाकलं. नायकानं ऐकून घेतलं आणि एक कानफटात हाणली. पत्र पुन्हा खरं झालं.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये गेलो. नायकाचं पत्र आणि वायंडिंगचा अर्ज परत मागून घेतला. अर्ज सरांसमोर फाडला.

“सर, ह्या पत्रावर शिक्का मारा. नसंल मारायचा तर काहून मारत न्हाई ते लिहून द्या. खाली सही करा.”

बाकीचे मास्तर चहा प्यायचे थांबले. सरांनी पेन उचललं. ठेवलं. मग शिक्का मारला, वाकडा.

परीक्षा पास झालो, पुण्याच्या शिबिराला गेलो. त्याचं कौतुक इथं सांगत बसत नाही. अर्ज ऑनलाइन होता, पत्राचा फोटो गेला. मूळ कागद माझ्यापाशी आहे.

सर अजून तिथंच शिकवतात. कधीतरी निवृत्त होतील. शाल, नारळ, समारंभ होईल. माजी विद्यार्थी म्हणून मी दोन शब्द बोलायला उभा राहीन. पत्र वर धरीन. सूर लावून वाचीन. मग त्यांचं कोयत्याचं वाक्य, जसंच्या तसं, त्यांच्या लेकरांसमोर. नायकाला पहिल्या रांगेत बसवीन.

त्या दिवशी मी हसणार नाही.