नामपूरच्या सासूबाई आणि सत्तावीस फरशा

आमच्या घरात किस्से साठतात ते एकाच कारणाने. मी हरतो आणि तिघीजणी ते बघतात. वैशाली, म्हणजे माझी बायको, ते आल्यागेल्याला चहाबरोबर सांगते. आमची दहा वर्षांची सई राहिलेले तपशील पुरवते. तिसऱ्या माझ्या सासूबाई. त्या काही बोलत नाहीत, नुसता तोंडाला पदर लावतात. म्हटलं, दुसऱ्यांनी सांगण्यापेक्षा आपणच सांगून टाकावं.

मी नाशिकरोडच्या एका शाळेत गणित शिकवतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ते लपवावंसं वाटेल.

*

देवळाली कॅम्पच्या बाजारात जुन्या सामानाचं एक दुकान आहे. बदली होऊन जाणाऱ्या फौजी कुटुंबांच्या वस्तू तिथे येतात. मागच्या वर्षी तिथे मला सागवानी डबीत डॉमिनोचा जुना सेट मिळाला. पिवळट पडलेल्या, जड, गुळगुळीत फरशा. प्रत्येक फरशीचे दोन भाग, दोन्हींवर ठिपके. टेबलावरच्या फरशीला सारख्या ठिपक्यांची फरशी जोडायची, जुळत नसेल तर ढिगातून उचलायची. हातातल्या आधी संपल्या तो जिंकला. दहा मिनिटांचा खेळ.

दुकानदार म्हणाला, "सर, अठ्ठावीस असतात. मोजून घ्या."

मी म्हणालो, "अहो, मी गणिताचा शिक्षक आहे. नजरेनेच कळतं."

घरी आल्यावर सईने मोजल्या. सत्तावीस होत्या.

*

हरवलेली फरशी चार-सहाची होती. मी प्लायचा तुकडा कापला, घासला, पांढरा रंग दिला, काळे ठिपके काढले. दोन रविवार गेले. वैशाली म्हणाली, "छान झालीय." मला तेवढं पुरेसं होतं.

मग दोन महिने मी सारखा हरलो. माझ्याकडे चार-सहा आली की दोघी चार आणि सहाची टोकं बंद करून टाकायच्या. मला वाटायचं, नशीब.

पुढे सासूबाई नामपूरहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आल्या. बागलाणातलं त्यांचं बोलणं अहिराणी वळणाचं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, काळा चष्मा लावून त्या आमचा खेळ बघायला बसल्या. पहिलाच डाव बघून मला म्हणाल्या, "बापू, तुमनी ती फरशी उलटी ठेवी तरी वळखू येस."

मी पाहिलं. बाकी सगळ्यांच्या पाठी पिवळट, आणि माझी पांढरीशुभ्र.

"तुम्हा दोघींना माहीत होतं?" मी वैशालीला विचारलं.

"आम्हाला वाटलं, तुम्हालाही माहीत असेल."

मी ती फरशी रात्रभर चहाच्या पाण्यात भिजत घातली. आता ती बाकीच्यांपेक्षा काळी आहे. शेवटी असं ठरलं की ती वाटायचीच नाही, पहिली फरशी म्हणून टेबलावर उघडीच ठेवायची.

*

सासूबाईंना टीव्ही बघायला बंदी, वाकायला बंदी. वेळ जाईना. मी त्यांना हा खेळ शिकवायला घेतला. आधी वहीवर शून्यापासून सहापर्यंतचा तक्ता काढला. मग कोणता आकडा किती वेळा येतो, ढिगात काय उरलं असेल, त्याची शक्यता किती, हे सगळं पाऊण तास समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे बापू, ठिपकाले ठिपका लावाना शे. बरोबर ना?"

मी वही मिटली.

*

पहिल्या पंधरवड्यात मी त्यांच्याशी अकरा डाव खेळलो आणि अकराही जिंकलो. आयुष्यात पहिल्यांदाच. शाळेत सांगितलं. आमच्या मराठीच्या बाईंनी तर "सासूला हरवता? धाडसच आहे," असं म्हणून माझं कौतुकही केलं.

त्या संध्याकाळी सई म्हणाली, "पप्पा, आजी माझ्याशी खेळते तेव्हा वेगळीच खेळते. मी एकदाही जिंकले नाहीये."

मी सासूबाईंना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "जवाईले कोणी हरावस का?"

मला फार लागलं. मी म्हणालो, "आई, यापुढे खरं खेळायचं. मी जावई नाही असं समजा."

"राग नही येवाव?"

"अजिबात नाही."

त्यांनी वैशालीकडे बघितलं. वैशालीने मान हलवली. सासूबाईंनी ताट बाजूला सारलं.

आयुष्यभर कांद्याच्या चाळीत हातांनी माल निवडलेली बाई. कोणी काय उचललं, कुठे अडला, कशावर थांबला, सगळं त्यांच्या डोक्यात राहायचं. सलग नऊ डाव त्यांनी मला हरवलं. त्यातल्या दोन डावांत तर माझ्या सहा फरशा हातात शिल्लक होत्या.

दहाव्या डावाआधी मी म्हणालो, "आई, थोडं जावई समजलात तरी चालेल."

*

महिना संपला. डोळा स्वच्छ झाला. सासूबाईंनी पिशवी भरली. सोमवारच्या एसटीने नामपूर.

सासरे जाऊन तीन वर्षं झाली. त्या घरात त्या एकट्याच राहतात. मागच्या थंडीत अंगणात लिंबूच्या झाडापाशी पडल्या, तर दूधवाला येईपर्यंत तिथेच पडून होत्या. हे आम्हाला दोन महिन्यांनी कळलं, तेही शेजारच्या कमलताईंकडून. वैशाली किती दिवस त्यांना राहायला सांगत होती. त्यांचं एकच उत्तर, "लेकना घर किती दिन ऱ्हावानं?" मी दोनदा म्हणून पाहिलं. मला तर त्या उत्तरही द्यायच्या नाहीत, नुसत्या हसायच्या.

रविवारी दुपारी वैशाली स्वयंपाकघरात ओट्याशी पाठ करून उभी होती. डोळे पुसत होती, ते मला दिसत होतं. मी डबी घेऊन सासूबाईंसमोर बसलो.

"आई, एक डाव. मी जिंकलो तर तुम्ही इथेच राहायचं."

त्यांनी डबीचं झाकण उघडलं. मग म्हणाल्या, "तसं नही. जो जिकी, तो ठरावी."

म्हणजे जिंकेल त्याने ठरवायचं. मला नाही म्हणता येईना.

मी इतकं लक्ष देऊन बोर्डाचे पेपरही तपासले नसतील. प्रत्येक आकडा मोजला. ढिगात काय आहे ते जवळजवळ अचूक ताडलं. सई माझ्या खांद्याशी उभी होती. माझ्या हातात दोन फरशा उरल्या, त्यांच्या हातात दोन. मी एक लावली. त्यांनी एक लावली. मला जुळणारं काही नव्हतं. ढिगातून तीन उचलल्या तेव्हा कुठे एक लागली. त्यांनी शेवटची फरशी हळूच टोकाला टेकवली, दोन्ही हात मांडीवर ठेवले.

वैशाली दारात आली होती, ती तशीच आत वळली. सई रडू लागली. मी फरशा गोळा करायला लागलो. गणिताचा शिक्षक, आणि जो एक डाव जिंकायचा होता तोच हरलो.

सासूबाई उठल्या. दाराजवळची पिशवी उचलून आतल्या खोलीत नेली. मग माझ्यापुढे हात करून फोन मागितला. मी कमलताईंचा नंबर लावून दिला.

"कमल, लिंबूना झाडले पाणी टाकत ऱ्हाय," त्या म्हणाल्या. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"नही व माय, जवाईना म्हणावर नही. मी जिकनू."