पाहुण्यांना न दाखवलेला पाय

दर जुलैला ते यायचे आणि दर जुलैला वासेमादाच्या नाकी नऊ यायचे. डॉक्टरकी अर्धी शिकलेली परदेशी पोरंपोरी नाकाला पांढरं मलम फासून बोटीतून उतरायची आणि गावच्या सभाघरात दवाखाना थाटायची. त्यांच्यासाठी दालोचे कंद उकडायचे वासेमादाने, नारळाच्या दुधात मासे शिजवायचे वासेमादाने, आणि म्हाताऱ्यांची दुखणी इंग्रजीतून सांगायची तीही तिनेच. मोठ्या बेटावरच्या हॉटेलात काम करताना ती इंग्रजी शिकली, त्याची ही शिक्षा.

पण पोरं गुणी होती, त्यांच्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. तिचं डोकं फिरवलं होतं ते तिच्या बापाने.

तिचा ताता, सेरुपेपेली, हा गावच्या सरदाराचा, म्हणजे रातूचा, बोलका. रातू पाहुण्यांशी थेट बोलत नाही. पाहुण्यांनी मानाची म्हणून आणलेली कावाची मुळी, जी कुटून पाण्यात कालवून पितात ती, सेरुपेपेलीने स्वीकारायची, स्वागताचं भाषण त्याने करायचं, माफी मागायला कोणी आलं तर तीही त्यानेच रातूच्या वतीने ऐकायची. हे सगळं मांडी घालून. रातू आणि पाहुणे बसलेले असताना त्यांच्याकडे पाय पसरणं म्हणजे तोंडावर थुंकण्यासारखंच. आणि ताताच्या अंगात साखर, डाव्या पायाच्या बोटांशी चिघळलेली जखम. तो तिला खोबरेल लावायचा, वरून फडकं गुंडाळायचा आणि कमरेची सुलू लुंगी घोट्यापर्यंत ओढून घ्यायचा. घरभर वास सुटला होता.

"ताता, सगळ्या गावाचे पाय तपासून झाले. तुमचाही दाखवा की."

"खुळी का तू? मी गावाचं तोंड आहे. पाहुण्यांना दुखणं दाखवू?"

"तोंडाला काही झालेलं नाही, ते चांगलं चालतंय. मी पायाचं बोलतेय."

"पाहुणे गेले की बघू."

"मग कोण बघणार? खेकडे?"

शेवटी तिने इंग्रिडला गाठलं. त्या पोरांमध्ये ही सगळ्यात मन लावून काम करणारी. इंग्रिड घरी आली, चटईवर नीट बसली, मान खाली घालून म्हणाली, "काका, मी पाय बघू का?" वासेमादाने ते ताताला सांगितलं. तो गोड हसला. "पाय उत्तम आहे म्हणावं. पोर वाळलीय, तिला दालो वाढ."

बाहेर आल्यावर इंग्रिड म्हणाली, "ते नको म्हणतात. मला जबरदस्ती करता येणार नाही."

"अगं बाई, पाहुण्यासमोर ते हो म्हणणार कसे?"

"मग आम्ही पाहुणे नसतो तर?"

"तर तुला इथे उतरू तरी दिलं असतं का?"

दोन्हीकडची माणसं चांगली, दोन्हीकडे मानपान, आणि मधल्या मध्ये पाय सडतोय. तिला वाटलं, आपलंच डोकं भिंतीवर आपटावं.

निरोपाच्या दिवशी सगळं गाव सभाघरात जमलं. कावाची वाटी फिरू लागली. पोरांना एव्हाना त्याची गोडी लागली होती. टाळ्या वाजवत ती आणखी एक फेरी मागायची, आणि पाहुणे बसलेत तोवर बोलक्याने हलायचं नाही. ताताचं भाषण रंगात आलं होतं. मागे बायकांमध्ये बसलेल्या वासेमादाला त्याच्या कपाळावरचा घाम दिसला. मग त्याच्या मांडीखाली चटईवर पसरत चाललेला ओला, काळपट डाग दिसला. तो इंग्रिडलाही दिसला होता. तिने वासेमादाकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. सभा चालू असताना उठायचं नसतं, हे तिला गावानेच शिकवलं होतं.

वासेमादा उठली. वाकली नाही, वाट मागितली नाही. रातू आणि पाहुण्यांच्या मधून ती ताठ चालत गेली, बापाचा घोटा धरला आणि पाय ओढून सगळ्यांसमोर ठेवला.

"घ्या! बघा आता!"

बायकांनी तोंडावर हात ठेवले. पण पोरं सगळा शिष्टाचार विसरून धावली, इंग्रिड सगळ्यांच्या पुढे. परतीच्या बोटीतूनच ताताला मोठ्या बेटावरच्या इस्पितळात नेलं. दोन बोटं कापावी लागली, पाय वाचला.

तो परत आला आणि लेकीशी बोलेना. वर गावाने ठरवलं, भर सभेत रातूचा अपमान झालाय, तेव्हा वासेमादाने कावाची मुळी ठेवून माफी मागायची. तिचा तिळपापड झाला. बापाचा पाय वाचवला त्याची माफी? तिच्या वतीने बोलायला तिचा एक काका तयार होता. तिने त्याला घरीच बसवलं आणि स्वतः मुळी उचलून सभाघरात गेली.

रातूच्या बाजूला बोलका बसला होता. मांडी घालून. बोटं कापलेला पाय त्या मांडीखाली दाबलेला, आणि पट्टीवर ताजं रक्त.

वासेमादा गुडघ्यांवर बसली. माफीचे शब्द तोंडात आले ते तिने गिळले आणि पुढे केलेली मुळी परत छातीशी घेतली.

"ताता, पाय सोडून बसा. तोवर मी माफी मागणार नाही."

ताताने रातूकडे पाहिलं. रातू खाकरला आणि खिडकीबाहेर समुद्राकडे बघत बसला. बराच वेळ त्याने मान वळवली नाही.

मग ताताने दोन्ही हातांनी तो पाय उचलला आणि लांब केला. रातूकडे नाही, लेकीकडेही नाही, भिंतीकडे. एवढा हट्टी माणूस!

वासेमादाने मुळी खाली ठेवली आणि माफी मागितली, पूर्ण, एक शब्द न गाळता. तिचा आवाज रागाने कापत होता. ताताने रातूच्या वतीने ती ऐकून घेतली, मान्य झाल्याची टाळी वाजवली, आणि उठायची वेळ आली तेव्हा हात तिच्याकडे केला.